थंडीच्या दिवसांतील परसबाग आणि मनाचे स्वास्थ्य

परसबागेचे लाभ सांगताना ताजा भाजीपाला, सांडपाण्याचा उपयोग आणि घरखर्चातील बचत ह्या तीन गोष्टींचा उल्लेख सामान्यतः केला जातो. हे तिन्ही लाभ खरे आहेत. परंतु त्यांच्या जोडीला परसबागेपासून आणखी एक लाभ होतो आणि त्याकडे अद्याप पुरेसे लक्ष गेलेले नाही. तो लाभ म्हणजे मनाचे स्वास्थ्य. थंडीच्या दिवसांत काही माणसे नकळत खिन्न होतात, घराबाहेर पडेनाशी होतात, कामात त्यांचे चित्त लागत नाही. अशा माणसांना घरामागच्या चार वाफ्यांचा मोठा आधार होऊ शकतो. हा आधार कसा मिळतो, त्यासाठी परसबाग कशी आखावी आणि गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ह्या कामी कोणती दक्षता घ्यावी, ह्याचा विचार येथे केला आहे.

हिवाळा आणि मनाची मरगळ

पृथ्वीच्या उत्तर भागातील देशांत हिवाळ्यातील दिवस फार लहान असतात. लंडन येथे डिसेंबरच्या उत्तरार्धात दिवस जेमतेम ७ तास ५० मिनिटांचा असतो. नॉर्वे देशातील ट्रॉम्सो ह्या गावी तर नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजाच्या वर येतच नाही. अशा प्रदेशांत काही लोकांना दरवर्षी ठराविक काळात मनाची खिन्नता, अतिझोप व थकवा जाणवतो आणि वसंत ऋतू आला की ही लक्षणे आपोआप ओसरतात. अमेरिकेतील राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतील नॉर्मन रोझेन्थाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली ह्या विकाराचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले आणि तेजस्वी प्रकाशाचा त्यावर उपयोग होतो असे दाखवून दिले.

महाराष्ट्राची गोष्ट निराळी आहे. येथे वर्षातील सर्वांत लहान दिवससुद्धा सुमारे ११ तासांचा असतो आणि पावसाळ्यातील ढगाळ महिन्यांच्या मानाने हिवाळ्यात आकाश स्वच्छ असते. तेव्हा केवळ सूर्यप्रकाशाच्या अभावाने येथील माणसाने खिन्न व्हावे असे कारण नाही. तरीही थंडीच्या दिवसांत मन खचलेली माणसे खेडोपाडी आढळतात. त्याची कारणे आपल्या शेतीच्या रहाटीतच शोधली पाहिजेत.

पहिले कारण आर्थिक आहे. दिवाळीच्या सुमारास सोयाबीन विकले जाते, कापसाची वेचणी सुरू होते आणि खरिपाचा हिशेब समोर येतो. पावसाने दगा दिला असेल किंवा भाव पडला असेल, तर घेतलेले कर्ज आणि हाती आलेला पैसा ह्यांतील अंतर ह्याच दिवसांत स्पष्ट होते. दुसरे कारण झोपमोडीचे आहे. गहू, हरभरा, कांदा ह्यांना पाणी देण्यासाठी ज्या भागात विजेची पाळी रात्रीची असते, तेथे शेतकऱ्याला कडाक्याच्या थंडीत मध्यरात्री बांधावर उभे राहावे लागते. अनेक रात्री झोप मोडली की मनाचा तोल ढळणे स्वाभाविक आहे. तिसरे कारण एकटेपणाचे आहे. बीडसारख्या जिल्ह्यांतून हजारो कुटुंबे ऊसतोडणीसाठी दिवाळीच्या आगेमागे गाव सोडतात व उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मागे राहतात ती म्हातारी माणसे व काही ठिकाणी त्यांच्या हवाली केलेली नातवंडे. दाराशी दिवसभर बोलायला कोणी नाही, करायला काम नाही आणि थंडीमुळे घोंगडी पांघरून घरातच बसणे, असा त्यांचा दिनक्रम होतो.

ह्या तिन्ही कारणांवर परसबाग हा संपूर्ण उपाय नव्हे, हे प्रथमच स्पष्ट केले पाहिजे. कर्ज परसबागेने फिटत नाही व विजेची पाळी बदलत नाही. परंतु खचलेल्या मनाला दररोज उठून बाहेर येण्यास एक निमित्त लागते. ते निमित्त परसबाग देते आणि तेही अल्प खर्चात देते.

प्रकाशाचे कार्य

सकाळचा प्रकाश डोळ्यांवाटे मेंदूपर्यंत पोचला म्हणजे शरीराची झोप व जागृती ह्यांची घडी नीट बसते. प्रकाश मोजण्यास ‘लक्स’ हे माप वापरतात. लहान खिडक्यांच्या घरात दिवसासुद्धा १०० लक्सच्या आसपास किंवा त्याहूनही कमी प्रकाश असतो. उलट, घराबाहेर झाडाच्या सावलीतदेखील काही हजार लक्स आणि स्वच्छ उन्हात दुपारी १ लाख लक्सपर्यंत प्रकाश असतो. उत्तरेकडील देशांत हिवाळी खिन्नतेवर उपचार करताना रुग्णास सकाळी अर्धा तास १०,००० लक्स प्रकाशाच्या खास दिव्यासमोर बसवितात. महाराष्ट्रातील शेतकऱ्याच्या अंगणात सूर्य थोडा वर आला की तेवढा प्रकाश फुकट मिळतो. मात्र त्यासाठी घरातून बाहेर आले पाहिजे. सूर्याकडे थेट पाहण्याची मुळीच गरज नसते व तसे कधीही पाहू नये. उजेडात वावरणे पुरेसे आहे.

दिवस लहान होण्याचा परिणाम वनस्पतींवरही होतो. अमेरिकेच्या कृषिखात्यातील गार्नर व अ‍ॅलार्ड ह्या दोन शास्त्रज्ञांनी १९२० साली असे दाखवून दिले, की काही वनस्पती दिवस लहान व रात्र मोठी झाल्याशिवाय फुलतच नाहीत. शेवंती ही अशीच वनस्पती आहे. वाल व पावट्याच्या जुन्या देशी जातीही श्रावणात लावल्या तरी थंडीचे दिवस सुरू होईपर्यंत केवळ पानावर वाढतात आणि दिवस आखूड झाले की त्यांना तुरे येऊ लागतात. ज्या ऋतूत माणसाचे मन मिटू पाहते, त्याच ऋतूत कुंपणावरचा वाल फुलून येतो. परसबागेत अशा वेलींना व फुलझाडांना जागा अवश्य द्यावी.

प्रयोगांवरून काय दिसते

बागकामाने मनाला विसावा मिळतो हा अनुभव जुना आहे. अलीकडे त्याची शास्त्रीय पाहणीही झाली आहे. नेदरलँड्स देशात २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, बागकाम करणाऱ्या ३० व्यक्तींना प्रथम मनावर ताण आणणारे काम देण्यात आले. त्यानंतर काहींना अर्धा तास बागेत काम करण्यास व इतरांना अर्धा तास घरात वाचन करण्यास सांगितले. शरीरातील ताणदर्शक द्रव्य दोन्ही गटांत कमी झाले, परंतु बागकाम करणाऱ्यांत ते अधिक कमी झाले आणि त्यांची मनःस्थितीही पूर्ववत झाली.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील एका रुग्णालयाच्या नोंदींवरून रॉजर उलरिक ह्यांनी १९८४ साली असे दाखविले, की पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्या रुग्णांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्या रुग्णांपेक्षा थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामक औषधेही कमी लागली. पाहणी लहान, म्हणजे ४६ रुग्णांची होती. तरी अंथरुणास खिळलेल्या माणसाची खाट परसबाग दिसेल अशा जागी ठेवावी, एवढा बोध त्यातून सहज घेता येतो.

ह्याहून महत्त्वाचा अनुभव गोव्यातील आहे. तेथील १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. मानसोपचाराचे पूर्वशिक्षण नसलेल्या, परंतु थोडे प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक कार्यकर्त्यांनी रुग्णांशी सहा ते आठ बैठकांत बोलणी केली. मन लागत नसले तरी आवडीची व उपयोगाची लहान लहान कामे पुन्हा सुरू करावयाची, हे त्या बोलण्याचे मुख्य सूत्र होते. नेहमीच्या उपचारांच्या जोडीला हे साहाय्य मिळालेल्या रुग्णांपैकी ६४ टक्के रुग्ण तीन महिन्यांनी नैराश्याच्या पकडीतून बाहेर आले. केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. हा प्रयोग बागकामाचा नव्हता, हे ध्यानात ठेवावे. परंतु ‘मन लागेल तेव्हा काम करीन’ असे म्हणत बसण्यापेक्षा लहानसे काम आधी हाती घ्यावे, म्हणजे मन मागाहून येते, हे जे तत्त्व त्यातून सिद्ध झाले ते परसबागेला तंतोतंत लागू पडते.

शेत असताना परसबाग कशासाठी?

शेतकरी तर दिवसभर शेतातच असतो, मग त्याला निसर्गाची आणखी ओढ कशाला लावावयाची, असा प्रश्न येथे कोणीही विचारील. त्याचे उत्तर असे, की शेत हा व्यवसाय आहे. शेतातील प्रत्येक रोपावर बियाणाचा, खताचा व मजुरीचा पैसा लागलेला असतो. पीक पाहताना शेतकऱ्याच्या मनात भाव, कीड आणि कर्जाचा हप्ता ह्यांचे विचार चाललेले असतात. परसबागेवर असे कोणतेही ओझे नसते. मेथीचा एक वाफा बिघडला तर मूठभर बी वाया जाते, एवढेच. शिवाय शेतातील पीक हाती येण्यास चार-सहा महिने लागतात, तर परसातील मेथी आठवड्याच्या आत उगवते व महिन्याभरात ताटात येते. केलेल्या श्रमाचे फळ लवकर व खात्रीने मिळते, हा अनुभव खचलेल्या मनाला फार मोलाचा असतो.

दुसरे असे, की ज्यांचे शेतात जाणे सुटले आहे अशी वृद्ध माणसे, बाळंतीण, आजारातून उठलेली माणसे ह्यांना शेत दूर पडते. परसबाग दारात असते. ज्या हातांनी चाळीस वर्षे पाभर धरली, ते हात नुसते मांडीवर ठेवून बसण्याची पाळी आली की माणसाला आपण निरुपयोगी झालो असे वाटू लागते. त्याच हातांनी लावलेली कोथिंबीर सून रोज खुडून नेऊ लागली, की ही भावना कमी होते.

जागा व आखणी

परसबागेसाठी सकाळचे ऊन पडेल अशी, शक्यतो घराच्या पूर्वेची किंवा दक्षिणेची जागा निवडावी. २० फूट लांब व १० फूट रुंद एवढी जागा आरंभास पुरे आहे. तीत ३ फूट रुंद व १० फूट लांब असे पाच वाफे आणि त्यांच्यामध्ये सव्वा फुटाच्या चार वाटा बसतात. वाफ्याची रुंदी ३ फुटांहून अधिक ठेवू नये, म्हणजे दोन्ही बाजूंनी बसून मधल्या रोपापर्यंत हात पोचतो. दर वाफ्यात एक-दोन घमेली चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत मिसळावे.

घरात गुडघे दुखणारे वृद्ध माणूस असेल, तर एका वाफ्याची कड दगड-मातीने दीड-दोन फूट उंच करावी. त्यामुळे पाटावर किंवा बाजेवर बसूनही काम करता येते. बागेच्या कडेला, उन्हात, दोन माणसे बसतील असा ओटा किंवा मोठा दगड असावा. ह्या बैठकीला वाफ्यांइतकेच महत्त्व आहे. बसण्याची सोय असली म्हणजे शेजारी येऊन टेकतो व चार शब्द बोलतो.

ह्या पाच वाफ्यांना थंडीच्या दिवसांत दररोज सरासरी ५० ते ६० लिटर, म्हणजे सुमारे चार घागरी पाणी लागते. पाच माणसांच्या घरातील अंघोळीचे व भांडी धुण्याचे पाणी एवढी गरज सहज भागविते. हे पाणी खडी व वाळू भरलेल्या लहान खड्ड्यातून गाळून घ्यावे आणि खड्ड्याच्या कडेला अळू किंवा कर्दळ लावावी. कपडे धुण्याचे सोड्याचे पाणी वाफ्यांत सोडू नये. कोथिंबीर, मुळा, गाजर ह्यांसारख्या कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांना स्वच्छ पाणीच द्यावे.

पिकांची निवड

मनाच्या स्वास्थ्यासाठी लावलेल्या बागेत एक नियम पाळावा. बागेत दर आठवड्यास काहीतरी नवे दिसले पाहिजे. त्यासाठी लवकर येणारी, मध्यम मुदतीची व दीर्घ मुदतीची पिके एकत्र घ्यावीत.

(१) लवकर येणारी पिके : मेथी ३० ते ३५ दिवसांत तयार होते. पालकाची पहिली कापणी ३५ ते ४० दिवसांनी मिळते व पुढे दोन-तीन कापण्या होतात. मुळा ४० ते ५० दिवसांत आणि कोथिंबीर ४० ते ४५ दिवसांत येते. कोथिंबिरीसाठी धने हलके रगडून त्यांचे दोन भाग करावेत व रात्रभर भिजवून पेरावेत, म्हणजे उगवण लवकर होते. चाकवत ही थंडीतील खास भाजी विसरू नये.

(२) मध्यम मुदतीची पिके : वाटाण्याच्या शेंगा ६० ते ७५ दिवसांत मिळू लागतात. टोमॅटो, कोबी व फुलकोबी ह्यांची सुमारे चार आठवड्यांची रोपे लावल्यास पुढे अडीच ते तीन महिन्यांत उत्पन्न मिळते. गाजरास ८० ते ९० दिवस लागतात.

(३) दीर्घ मुदतीची पिके : लसणाच्या पाकळ्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात वाफ्याच्या कडेने टोचाव्यात. गड्डे चार-साडेचार महिन्यांनी तयार होतात, परंतु मधल्या काळात थोडी हिरवी पात खुडता येते. कुंपणावर वाल व पावटा चढवावा.

(४) फुले व सुगंधी वनस्पती : झेंडू, शेवंती, तुळस व गवती चहा ह्यांना एक कोपरा द्यावा. फुलांमुळे मधमाश्या व फुलपाखरे येतात आणि थंडीतील सकाळचा चहा घरच्या गवती चहाचा होतो.

मेथी व कोथिंबीर एकदम पेरू नये. वाफ्याचे तीन भाग करून दहा-दहा दिवसांच्या अंतराने एकेक भाग पेरावा. त्यामुळे एका भागात अंकुर, दुसऱ्यात कोवळी पाने व तिसऱ्यात खुडण्याजोगी भाजी अशी स्थिती सतत राहते. दसऱ्यानंतर पावसाची उघडीप मिळताच कामास लागणे उत्तम. ते न जमल्यास पालेभाज्या डिसेंबरातही पेरता येतात. तेव्हा उशीर झाला म्हणून बेत सोडून देऊ नये.

निफाडसारख्या भागात काही वर्षी पारा ५ अंशांखालीही उतरतो. अशा वेळी सायंकाळी हलके पाणी द्यावे आणि कोवळ्या रोपांवर रात्री गवताचे किंवा पाचटाचे आच्छादन करून सकाळी ते काढावे.

दररोजचा अर्धा तास

बागेत दररोज सकाळी अर्धा तास घालवावा. वृद्धांनी व हृदयविकार किंवा रक्तदाब असलेल्यांनी पहाटेच्या थंडीत बाहेर न पडता ऊन आल्यावरच यावे व कानटोपी, पायांत चप्पल घालावी. प्रथम सर्व वाफ्यांवरून नुसता एक फेरा मारावा. काल नव्हते ते आज काय दिसते, हे पाहावे. कोणते बी उगवले, वालाला कोठे तुरा आला, कोबीच्या पानाखाली काय बसले आहे, ह्याची नजरेने नोंद घ्यावी. त्यानंतर खुरपणी, पाणी किंवा खुडणी ह्यांपैकी एकच काम करावे. सारी कामे एका दिवसात उरकण्याचा हव्यास धरू नये. उद्यासाठी काही शिल्लक राहणे हे ह्या बागेत हिताचे असते.

थंडीतच आपल्याकडे पाहुणे पक्षी येतात. शेपटी सारखी वरखाली हलविणारा धोबी पक्षी ओल्या वाफ्यांतून किडे टिपत हिंडतो. भोरड्यांचे थवे ज्वारीच्या शेतांवरून फिरताना दिसतात. दाण्यांमुळे शेतकरी त्यांच्यावर रागावतो, परंतु त्या टोळही खातात. जास्वंदीसारखी फुले असतील तेथे चिमुकला शिंजीर मध पिण्यास येतो. हे पक्षी कोणत्या दिवशी प्रथम दिसले, ह्याची नोंद नातवंडांकडून भिंतीवरील दिनदर्शिकेत करवून घ्यावी. मुलांना निरीक्षणाची सवय लागते आणि आजोबांना बोलण्यास विषय मिळतो.

सण आणि वाटप

थंडीत बाहेर पडून निसर्गाशी व माणसांशी नाते जोडण्याची रीत आपल्याकडे नवी नाही. चंपाषष्ठीला वांग्याचे भरीत व कांदा होतो. भोगीला गाजर, पावटा, वांगी, हरभरा व तीळ घालून मिसळीची भाजी आणि बाजरीची भाकरी केली जाते. लातूर, धाराशिव व सोलापूर ह्या भागांत मार्गशीर्ष अमावास्येला, म्हणजे वेळ अमावास्येला, सारे गाव शेतात जाते. कडब्याच्या कोपीपाशी पूजा होते आणि भज्जी व आंबील ह्यांचे जेवण आप्तेष्टांसह उघड्यावर होते. हुरड्याच्या दिवसांतही शेकोटीभोवती माणसे जमतात. एकट्या पडलेल्या माणसाला अशा दिवशी आवर्जून बोलवावे. परसबागेत जादा झालेली मेथीची जुडी शेजारच्या घरी पोचविणे, ही ह्याच रीतीची रोजची आवृत्ती होय. भाजी नेऊन देणाऱ्याची विचारपूस होते आणि ती घेणाऱ्याचीही.

किडींचा बंदोबस्त आणि विषारी औषधे

परसबागेत विषारी कीटकनाशके मुळीच वापरू नयेत. कोबीच्या वाफ्याच्या कडेने मोहरीची एक ओळ लावल्यास मावा व चौकोनी ठिपक्यांचा पतंग मोहरीकडे आकर्षिले जातात. मावा दिसताच किडकी पाने काढून टाकावीत. आवश्यकता भासल्यास ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा. त्यासाठी ५० ग्रॅम निंबोळी पावडर थोड्या पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी फडक्यातून गाळावी व एकूण पाणी १ लिटर करावे. शेणखत हाताळताना हातापायाची जखम उघडी ठेवू नये व धनुर्वाताची लस वेळेवर टोचून घ्यावी.

शेतासाठी आणलेल्या कीटकनाशकांविषयी येथे विशेष सूचना करणे अगत्याचे आहे. ही औषधे राहत्या घरात, माजघरात किंवा परसातील कोनाड्यात कधीही ठेवू नयेत. लागतील तेवढीच आणावीत आणि घरापासून दूर, कुलूपबंद पेटीत ठेवावीत. निराशेचा झटका पुष्कळदा थोडा वेळच टिकतो. त्या वेळी विष हाताशी नसले, तर माणूस वाचण्याचा संभव पुष्कळ वाढतो. ज्या घरात कोणी खिन्न आहे, तेथे किल्ली दुसऱ्या विश्वासू माणसाकडे असावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम

अमरावती जिल्ह्यातील ३० खेड्यांत गावातील कार्यकर्त्यांमार्फत मानसिक आरोग्याचा एक कार्यक्रम राबविण्यात आला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अहवालानुसार, नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. आपल्या ओळखीचे माणूस घरी येऊन आस्थेने विचारते, तेव्हा लोक बोलतात, हा त्याचा अर्थ. म्हणून कार्यकर्त्यांनी पुढील गोष्टी कराव्यात.

(१) दसऱ्याच्या सुमारास गावातील एकटी राहणारी वृद्ध माणसे, ऊसतोडणीस गेलेल्यांची मागे राहिलेली माणसे व पीक बुडालेली कुटुंबे ह्यांची यादी करावी. बियाण्यांच्या पुड्या वाटताना त्यांच्या घरी प्रथम जावे.

(२) बी हातात देऊन परतू नये. पहिला वाफा त्यांच्यासोबत बसून पेरावा. आठ दिवसांनी उगवण पाहण्यास पुन्हा जावे. ह्या दुसऱ्या भेटीचे महत्त्व पहिलीहून अधिक आहे.

(३) उपदेश करू नये. ‘हिंमत धरा’, ‘विचार करू नका’ अशा शब्दांनी खचलेल्या माणसाला अधिकच एकटे वाटते. ‘काका, मेथी कशी आली?’ असे विचारून बोलणे सुरू करावे आणि मग ऐकून घ्यावे.

(४) कर्ज, विमा किंवा अनुदान ह्यांची अडचण कळल्यास संबंधित कार्यालयाची माहिती द्यावी व कागदपत्रांस मदत करावी. पोटाच्या प्रश्नावर फुलझाडे हे उत्तर नव्हे.

(५) आजाराची लक्षणे ओळखावीत. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास असणे, कशातही रस न वाटणे, झोप व भूक बिघडणे, सतत थकवा, आपण निरुपयोगी आहोत असे वाटणे ही नैराश्याची लक्षणे होत. हा आजार आहे, आळस नव्हे. अशा माणसास प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन जावे. औषधे चालू असतील तर बाग लावली म्हणून ती बंद करू नयेत.

(६) कोणी मरणाची भाषा बोलू लागल्यास ती थट्टेवारी नेऊ नये. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे शांतपणे, स्पष्ट शब्दांत विचारावे. विचारल्याने तो विचार बळावत नाही, उलट मन मोकळे होते. त्या माणसाला एकटे सोडू नये, विषारी औषधे हलवावीत व तत्काळ वैद्यकीय मदत मिळवावी. शासनाची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ ह्या क्रमांकावर अहोरात्र व विनामूल्य उपलब्ध असून तीवर मराठीतही बोलता येते. ऑक्टोबर २०२२ पासून चालू असलेली ही सेवा घरच्या माणसांना व कार्यकर्त्यांनाही सल्ला देते. हा क्रमांक ग्रामपंचायत, दूधसंकलन केंद्र व कृषिसेवा केंद्र ह्यांच्या भिंतींवर ठळक अक्षरांत लिहावा.

समारोप

महाराष्ट्रातील हिवाळा हा बाहेर पडण्यास उत्तम ऋतू आहे. ऊन सौम्य असते, पालेभाज्या जोमाने वाढतात आणि पाचच वाफ्यांना चार घागरी सांडपाणी पुरते. ह्या अनुकूलतेचा लाभ घेऊन प्रत्येक घरामागे, निदान जेथे कोणी एकटे किंवा खचलेले आहे त्या घरामागे, परसबाग उभी राहील असा प्रयत्न कार्यकर्त्यांनी करावा. बाग मोठी असण्याची आवश्यकता नाही. दररोज सकाळी कोणीतरी उन्हात येऊन तिच्याकडे पाहिले पाहिजे आणि त्या माणसाकडे शेजाऱ्यापाजाऱ्यांनी पाहिले पाहिजे. यंदाच्या थंडीत ज्याने एक वाफा मेथीचा लावला, त्याला पुढील वर्षी पाच वाफे लावण्यास सांगावे लागणार नाही.